आडवी मान

बुर्गास, १४ सप्टेंबर

स्तामेनकाका,

तुम्हाला आणि दोन्का काकूंना नमस्कार. काकूंची कंबर कशी आहे? स्लिवेनचा वारा सुटला का? इथं समुद्राचा वारा आहे, पण आपल्यासारखा दारं आपटत नाही, नुसता खारट.

अक्षर बघून दचकू नका. डाव्या हातानं लिहितोय. उजव्याचं प्लास्टर निघालंय, पण पेन धरलं की अंगठा रुसतो. सध्या मिठागरावर राखणदार आहे. फावडं पेलवत नाही म्हणून मालकानं खुर्ची दिली. इथं लांब लाल पायांचे पक्षी येतात, चिखलात असे तोऱ्यात चालतात की जणू मिठागर त्यांच्या बापाचं. असो. पक्ष्यांचं सांगायला पत्र नाही लिहिलं.

परवा आपल्या बॉक्सिंगच्या तालमीतला कालिन इथं भेटला. म्हणाला, "काका तालमीत येतात, पण मुठींना बांधायच्या पट्ट्यांना हात लावत नाहीत. शनिवारी माझी लढत, तर म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून बांधून घे, माझ्या बोटांचा आता भरवसा नाही." आणि वर खिदळला, "पोरं म्हणतात, काकांकडून बांधून घेण्यापेक्षा आजीकडून हातमोजे विणून घ्यावेत!"

मीपण हसलो, काका. नंतर पुढ्यातली चीज भरलेली बनित्सा तशीच गार झाली.

यांबोलची ती लढत आठवा. तुम्ही माझ्या मनगटाला वेढे दिले, बोटांमधून पट्टी काढली, मूठ वळायला लावली. नेहमीसारखंच. फक्त मीच खुर्चीत चुळबुळत होतो, बाहेर कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं तिकडे कान. त्या चुळबुळीत मनगटावरचा वेढा सरकला. तुम्ही विचारलंत, "घट्ट बसलंय ना रे?" माझ्या तोंडात दातांचं रबर. मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "शाब्बास," आणि ग्लोव्ह चढवला.

मी 'नाही' म्हणालो होतो, काका.

जर्मनीत चार वर्षं विटा उचलल्या. तिथं सगळं आपल्या उलटं. मान आडवी हलवली की नाही, वरखाली केली की हो. पहिल्या वर्षी फार घोटाळे केले. मुकादम विचारायचा, जेवलास का, मी आपल्या पद्धतीनं आडवी मान हलवून हो म्हणायचो, तो पुन्हा ताट वाढायचा. मग मानेला मारूनमुटकून नवीन वळण लावलं. ते यांबोलला नको तेव्हा बाहेर आलं, मान आडवी गेली. मी सांगितलं सैल आहे, तुम्ही ऐकलंत घट्ट आहे. आपल्या माणसानं दुसरं काय समजावं?

एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही ग्लोव्हची नाडी आवळत होतात तेव्हाच माझ्या लक्षात आलं. रबर थुंकून एक शब्द बोलायचा होता. बाजूला सगळी पोरं उभी. आधीच मला 'जर्मन साहेब' म्हणून पिडायची. म्हटलं, आता मानसुद्धा परक्याची झाली म्हणून आयुष्यभर हसतील. गप्प बसलो. दुसऱ्या फेरीत हूक मारला आणि मनगट दुमडलं.

मग तुम्ही पट्टी कापताना म्हणालात, "माझंच चुकलं लेकरा. बोटं म्हातारी झाली." तेव्हाही गप्पच. हात दुखतोय म्हणून बोलत नाही असं तुम्हाला वाटलं, आणि मी वाटू दिलं. प्लास्टर ओलं होतं तोवर गावच सोडलं.

तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत अजून नाही. म्हणून एक करा. हे पत्र तालमीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. तुम्हाला जमणार नाही, माझी लाज राखायला बघाल. काकूंना वाचू द्या, त्यांचा आवाज खणखणीत आहे. अकॉर्डियनचंसुद्धा गाळू नका. पोरं हसतील. हसू देत.

आणि शनिवारी कालिनचे हात तुम्हीच बांधा.

तुमच्या बोटांत काही खोट नव्हती, काका.

ग्रोझ्दान