फोटोत न उमटलेली माणसं

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. आधीच सांगते, मी धडधाकट आहे. डाव्या हाताला थोडे टाके पडलेत, लिहायचा हात शाबूत आहे.

इथल्या प्रसिद्ध मनोऱ्याचा कॅलेंडरसाठी फोटो काढत होते. लेन्सवर काळी काच लावून कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला की चालती माणसं उमटत नाहीत, चौक रिकामा दिसतो. कॅमेरा तसा उघडा असतानाच तिघांनी माझ्या गाइडला गाठलं. "आमची गिऱ्हाइकं पळवतोस?" म्हणत लोखंडी सळ्यांनी त्याचं डोकं फोडलं. मी मध्ये पडले, तेव्हा एक सळी मला लागली. आई, तो तिथेच गेला.

फोटोत मनोरा सुरेख आलाय. पायथ्याशी निपचित पडलेला गाइडही स्पष्ट दिसतो. मारणारे सतत हलत होते, म्हणून उमटलेच नाहीत.

पोलीस चौकीत फोटो दाखवला, तर इन्स्पेक्टर हसले. "मॅडम, यात मारणारं तर कोणीच नाही. पकडू कोणाला, मनोऱ्याला?"

बाहेर बाकावर गाइडची बायको बसली होती. "ताई, तुम्ही तर बघितलंत ना?" एवढंच म्हणाली.

मी परत आत गेले आणि जबाब लिहून दिला. उद्या पोलिसांबरोबर जाऊन त्या तिघांना ओळखून दाखवायचंय. त्यातला एक आत्ता माझ्या लॉजखाली उभा आहे. मी दाराला कडी लावली आहे, काळजी करू नकोस.

धाकटीचे पेपर कसे गेले? बाबा विचारतील, "एवढं शिकवलं ते यासाठी का?" त्यांना हो म्हणून सांग.

तुझी,
थोरली