ऑपरेशन आणि हसरा चेहरा

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे लेक आणि तिचं बाळ दोघंही छान आहेत. मी तेवढी संतापले आहे; तुम्ही मला तोफ म्हणता ते उगाच नाही.

पुढच्या महिन्यात तुमचं हृदयाचं ऑपरेशन, आणि ते बायकोला मोबाइलवर दोन ओळींत कळवता? वर हसरा चेहरा! फोन केला तर "आवाज तुटतोय" म्हणून ठेवून दिलात. असं काही चिठ्ठीत लिहून कळवलं असतं, तर आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी समोर उभं करून तोंडानं बोलायला लावलं असतं.

जेवता ना वेळेवर? दवाखान्यात सोबत कोण येतं? मी परतीचं तिकीट काढलंय, नको म्हणू नका.

बोलताना आवाज कापेल म्हणून लिहिलंत, कळतं मला. माझाही कापतोय, म्हणूनच हे पत्र. पण रविवारी सकाळी फोन करीन, तो उचला. रडलात तरी कुणाला सांगणार नाही.

तुमचीच,
तोफ