समोरची खिडकी

३ जुलै

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हो-हो करत होते, म्हणून रागावला असशील. पण हे शेजारीच बसले होते आणि मला बोलायचं होतं ते यांच्याबद्दलच. म्हणून कागद घेतला. पत्र मी धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसून लिहितेय, तूही तिथल्याच पत्त्यावर उत्तर पाठव.

आपल्या लाँचला तू शिवलेला कॅनव्हासचा आडोसा अजून ठणठणीत आहे, टाकेबहाद्दर. टाका एक उसवलेला नाही. पण सुकाणूच्या चाकासमोरच्या खिडकीचं प्लास्टिक उन्हानं पिवळं पडलंय आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्यात. हे रोज कुरकुरतात की समोरचं नीट दिसत नाही. गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या फेरीला लाँच धक्क्याला अशी आदळली की उतरायला उभी राहिलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. एका म्हाताऱ्या बाईंचं मनगट मुरगळलं. इतक्या वर्षांत यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. घरी आल्यावर जेवले नाहीत. म्हणाले, त्या खिडकीपायी एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार मी.

तेव्हा नवी खिडकी कशाची करायची ते कळव, आणि लवकर कळव. दोर सांभाळायला मी रोज यांच्याबरोबर असते आणि हल्ली माझं लक्ष दोरावर नसतं. वहिनीला सांग, तिची आठवण येते. लोभ असू दे, आणि या वेळी जरा घाईचाही असू दे.

तुझी ताई

१० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी दाजींचा राग आला. ते प्लास्टिक बदला म्हणून मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय. सुक्या फडक्यानं खसाखसा पुसलं की चरे पडणारच. पण आमचे जावईबुवा ऐकतील तर शपथ!

सोबत तीन तुकडे पाठवतोय. पहिला गुंडाळीवर मिळणारा मऊ. शिवायला सोपा, पण त्याला बारीक लाटा असतात. त्यातून दिवा पाहिला तर तो हलल्यासारखा वाटतो. दुसरा दाबून गुळगुळीत केलेल्या प्लास्टिकच्या तक्त्याचा. जाड आहे, तरी गुंडाळून वर बांधता येतो, आणि काचेच्या जवळपास स्वच्छ. तिसरा पॉलिकार्बोनेटचा, अगदी कडक. दणका सोसेल, पण गुंडाळता येणार नाही, आणि वारा कोंडला की आडोसा फाडायला बघेल.

तिन्ही तुकडे दाजींच्या हातात दे. चाकाजवळ उभं राहून दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघायला सांग. मला दुसरा पसंत आहे. पण चालवायचं त्यांना आहे, तेव्हा मर्जी त्यांची. काळजी करू नकोस, खिडकीचंच दुखणं आहे. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ

१८ जुलै

चि. भाऊस,
आशीर्वाद.

तुकडे मिळाले. दुपारी यांनी पटकन दुसरा उचलला. अगदी लहान मुलासारखे खूश झाले. त्यातून मला बघून म्हणाले की तूसुद्धा बरी दिसतेस. संध्याकाळी परतीच्या फेरीआधी पुन्हा पाहिलं, तर तिन्ही धुरकट म्हणाले. पलीकडच्या काठावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात म्हणे. तुझ्या व्यापाऱ्यानं तेलकट माल गळ्यात मारला, असंही म्हणाले.

मी ते तिन्ही तुकडे एकेक करून डोळ्यांसमोर धरले. मला कडी दिसली नाहीत. तसं बोलले, तर म्हणाले, तुला काय बघायचं तेच कळत नाही. आणि कपाळ दाबत बसून राहिले. संध्याकाळी डोकं दुखतं हल्ली, भुवईच्या वर. इंजिनाच्या धुरानं असेल.

तू दुसऱ्याचीच खिडकी शिव. घरी सगळे बरे आहेत असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते.

ताई

२६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खिडकी आजच पार्सलनं पाठवली. दोन्ही बाजूंना आणि खाली चेन आहे. मनात आलं की उघडून वर गुंडाळायची. साबणाच्या पाण्यानं धुवा, ओल्या मऊ कपड्यानं टिपा. रॉकेलचं बोटसुद्धा लागू देऊ नका.

कड्यांचं म्हणशील तर मऊ प्लास्टिकात कधी कधी तसं होतं. तक्त्यात होणार नाही. दाजींना म्हणावं, हिच्यातूनही धुरकट दिसलं तर मी कातर गुंडाळून ठेवीन. पोचल्याचं कळव म्हणजे माझाही जीव भांड्यात पडेल.

तुझा भाऊ

९ ऑगस्ट

चि. भाऊ,
आशीर्वाद.

खिडकी बसवली. पहिले दोन दिवस हे शीळ घालत चालवत होते. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, आणि संध्याकाळच्या फेरीला म्हणाले की हीही गेली, दूध ओतल्यासारखं दिसतंय.

भाऊ, मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. त्याच खिडकीतून मला पलीकडच्या काठावर दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. एक निळा सदरा होता, त्याची एक बाही उलटी होती.

 माझ्या हातातून दोर सुटला. लाँचमध्ये माणसं होती. एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याला पाणी दाखवत होती.

आता तूच सांग, मी काय करू? यांना बोलले तर हे तुटतील. चाक हातात नसलेला हा माणूस मी पाहिलेलाच नाही. आणि नाही बोलले तर रोज संध्याकाळी मी त्या माणसांना तिकीट देते.

ताई

१३ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तो तक्ता तीन दिवसांत धुरकट होत नाही. तीन वर्षांत झाला तरी मी नवल करीन. तुझं कड्यांचं पत्र आलं तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण मी प्लास्टिकलाच दोष देत राहिलो. सोपं होतं ते. आमच्या शेजारच्या चष्मेवाल्याला विचारलं. रंगीत कडी, भुवईवर दुखणं, अंधारून आलं की धुकं, इतकं ऐकलं आणि त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, आजच्या आज दाखवा, यात गेलेली नजर परत येत नाही.

ताई, त्यांना सांग. नसेल जमत तर मी येतो आणि सांगतो. शिव्या मला देतील. पण तोवर संध्याकाळची फेरी करू नका. इंजिन बिघडलं म्हणा, काहीही म्हणा.

भाऊ

१७ ऑगस्ट

चि. भाऊस,
आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच जे व्हायचं ते झालं. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

परवा संध्याकाळी झिमझिम होती. खिडकीवर थेंब येत होते, मी आडोशाच्या बाजूनं हात बाहेर काढून पुसत होते. समोर एक लहान होडी आडवी आली, वल्ही मारणारा एक म्हातारा आणि त्याची बायको. मला वाटलं यांनी पाहिलं असेल. लाँच वळेना. मी ओरडले. हे विचारत होते, कुठे, कुठे? मी चाकावर झडप घातली आणि सगळं अंग टाकून फिरवलं. त्या म्हाताऱ्याचं वल्हं आमच्या कडेला घासून मोडलं. त्याच्या बायकोचा चेहरा इतक्या जवळून गेला की तिच्या तोंडाचा आ मला अजून दिसतो.

यांनी इंजिन बंद केलं.  मग यांनी खिडकीची चेन एका बाजूनं उघडली, दुसऱ्या बाजूनं उघडली, खिडकी सावकाश गुंडाळून वर बांधली. समोर काहीच उरलं नाही, नुसती हवा आणि पाऊस. हे त्या मोकळ्या जागेतून बघत उभे राहिले. डोळे पुसले, पुन्हा बघितलं. मग वळून मला विचारलं की खिडकी उघडीच आहे ना.

मी हो म्हटलं.

ते बाजूला सरकले आणि मला म्हणाले, घे. परवाना मी काढून ठेवला होता, पण माणसं घेऊन कधी चालवलं नव्हतं.  धक्क्यापर्यंत हे माझ्या मागे उभे होते, हात माझ्या पाठीवर ठेवून.

उद्या डॉक्टरकडे नेतेय. देव बघून घेईल म्हणायचा धीर होत नाही.

ताई

२५ ऑगस्ट

प्रिय मेहुणे,
स. न. वि. वि.

ओळी वाकड्या जातील, सांभाळून घ्या. काचबिंदू आहे. उजवा डोळा बराच खाल्लाय, डावा वाचेल म्हणतात. किरणांनी काहीतरी भोक पाडलं, आता जन्मभर थेंब घालायचे. कडेचं जे गेलं ते गेलं. लाँच चालवायची नाही, हे डॉक्टरांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं.

तुमच्या मालाला नावं ठेवली ती मागे घेतो. कातर गुंडाळू नका. मला भीती वाटते हो. दिवसा नाही वाटत, ही घरात असली की नाही वाटत. पण मी घेऊन गेलो इतक्या माणसांना, न दिसता, ते आठवलं की बसल्या जागी घाम फुटतो. या एकदा. ही धक्क्यावर गेली की घरी फक्त मी असतो.

तुमचा दाजी

१२ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

काल मी पहिली पूर्ण फेरी मारली. हे घरी राहायला तयार होईनात. माझ्यामागच्या बाकावर, प्रवाशांत बसले. लाँच सुटली तसे डोळे मिटून हळू आवाजात सांगायला लागले, आता डावीकडे वाळूचा उंचवटा, आता खांब, आता पाणी ओढेल तर चाक घट्ट धर. एकही गोष्ट चुकली नाही. मला धीर येत होता, आणि भीतीही वाटत होती की मी त्यांच्याच डोळ्यांनी चालवतेय.

मधल्या वळणावर हे म्हणाले, आता सरळ, मोकळं पाणी आहे. पण पाणी मोकळं नव्हतं. रेती उपसणारा एक मोठा तराफा तिथे नव्यानं नांगर टाकून उभा होता. मी चाक फिरवलं. लाँच कलली. मला वाटलं हे आता ओरडतील. पण यांनी नुसतं विचारलं, काय होतं? मी सांगितलं. किती लांबून गेलीस विचारलं, तेही सांगितलं.

हे बरं म्हणाले. त्यानंतर धक्का येईपर्यंत त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. मागे वळून पाहिलं तर डोळे उघडे होते, आणि शेजारच्या माणसाशी पावसापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. दोन्ही हातांनी बाक मात्र घट्ट धरलं होतं.

मीही चाक तसंच धरलं होतं.

तू ये. लोभ आहेच, तो घेऊनच ये.

तुझी ताई