चार बोटांचा उतार

कळंबा, ६ एप्रिल २०२५

चि. अनुजा हिस अनेक आशीर्वाद.

चौथा बोल्ट गंजून बसला होता. त्यावर डिझेल सोडले. पिराजी पान्याला लोंबकळला आणि बोल्टाऐवजी पिराजी खाली आला. दुसऱ्या झटक्याला बोल्ट सुटला. आता तुझ्या जीपची मागची सीट अंगणात आहे आणि शेजारच्या बाळाबाई तिच्यावर बसून लसूण सोलतात. सीट परत मिळेल असे वाटत नाही.

मापे घेतली. पुढची सीट सरकवली की लांबी सहा फूट. चाकांच्या कमानींमध्ये रुंदी तीन फूट दोन इंच, वर दोन सूत. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे झोपायच्या फळ्या मी चाळीस वर्षे बसवल्या. ही त्यांचीच धाकटी बहीण. खाली तीन कप्पे करतो. मधला तुझ्या लशींच्या थंड डब्यासाठी. अंथरूण न उचलता तो मागच्या दारातून ओढता आला पाहिजे, हे ध्यानात आहे.

ऑपरेशननंतर रंधा पहिल्यांदाच हातात घेतला. पाच महिने झाले, पण हात विसरलेला नाही. पिराजीशी बोलणे पाटीवर चालते. तो उत्तर ओरडून देतो. माझा आवाज गेला आहे, कान नाहीत, हे त्याला तीनदा लिहून दाखवले. त्याने तेही मोठ्याने वाचले.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलणार आणि मी ऐकणार. पत्रात मला निदान मध्ये बोलता येते. पत्रे चंदगड गाडीच्या कंडक्टरच्या हाती देत जाऊ.

तब्येत चांगली. झोप चांगली. चंदगडला तुझ्याकडे राहायला यायचे पावसाळ्यानंतर बघू.

इथे लोभ आहे. तिथलाही वापरात ठेव.

तुझा,
आबा


चंदगड, ११ एप्रिल

ती. आबांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचले. कंडक्टरने ते तिकिटाच्या यंत्राखाली जपून आणले होते. वडील मिस्त्री आहेत का, असे त्याने विचारले. पाकीट गुण्यात, अगदी काटकोनात, घडी घातलेले होते म्हणाला.

मागच्या आठवड्यात एका वाडीवर म्हैस अडली होती. रेडकू निघेपर्यंत शेवटची गाडी गेली. ज्यांची म्हैस, त्यांच्या घरी राहिले. घरात पलंग एक. तो त्यांनी मला दिला आणि दम्याची म्हातारी जमिनीवर झोपली. मी नको म्हणत होते आणि ते डॉक्टरीणबाईंचा मान म्हणत होते. जीपमध्ये झोपायची सोय मला हवी आहे ती यासाठी. पावसाआधीच्या लशींची फेरी २६ मेला सुरू होते. बावीस वाड्या आहेत. बावीस घरांतल्या कुणालाही मी जमिनीवर झोपवणार नाही.

फळी चोख पाणसळीत, अगदी सपाट हवी. वासरे उचलून माझी कंबर तुमच्यापेक्षा म्हातारी झाली आहे.

आणि रीत मोडू नका. पहिली झोप बांधणाऱ्याची. डोळा लागल्याशिवाय गाडी सोडायची नाही. लहानपणी तुम्ही नव्या केबिनमध्ये घोरायला लागलात की पिराजीकाका खाली हार घेऊन उभे असायचे. तो हार बॉनेटवर चढला की गाडी जायची. माझ्या जीपचाही तेवढा मान ठेवा.

राहता राहिले तुमचे येणे. संक्रांतीला तुम्ही शिमग्यानंतर म्हणालात. शिमग्याला उन्हाळ्यानंतर म्हणालात. आता पावसाळ्यानंतर. इथली खोली मोठी आहे, खिडकी पूर्वेला आहे. का येत नाही ते एकदा लिहा. मी भांडणार नाही.

माया आहे ती पत्रात मावत नाही, उरलेली धरून चाला.

आपली,
अनुजा


कळंबा, २५ एप्रिल

चि. अनुजा हिस आशीर्वाद.

गाडी तयार आहे. रविवारी पिराजी घेऊन येईल. त्याला जेवू घाल, पण दुसरी वाढ दिलीस तर तो मुक्काम करेल.

काम चार दिवस जास्त लागले. कारण विशेष नाही. रीत पाळली. डोळा लागला. पिराजी साक्षीला होता. हारही घातला.

कप्प्यांच्या कड्या उजव्या हाताने उघडतील अशा लावल्या आहेत. डावा हात तुला जनावर धरायला लागतो.

येण्याबद्दल. म्हातारा माणूस घर सोडत नाही, त्याला कारण लागत नाही.

काळजी करू नये, लोभ कमी करू नये.

आबा


चंदगड, २ मे

ती. आबांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

मधला कप्पा एका बोटाने ओढता येतो. इथल्या कंपाउंडरने तो सात वेळा ओढून पाहिला आणि आपल्या बायकोला दाखवायला आणले. प्लायच्या कडा तुम्ही इतक्या घासल्या आहेत की हात फिरवला की घर आठवते.

आता तक्रार. पहिल्या मुक्कामी मी सकाळी उठले तेव्हा माझे पाय मागच्या दाराला टेकले होते आणि उशी वरच राहिली होती. गाडी सपाट खळ्यावर होती. पाणसळ ठेवली तर बुडबुडा डोक्याकडे पळाला. औषधाची बाटली आडवी ठेवली तर ती दारापर्यंत गेली. डोक्याकडे फळीखाली पाचरी सापडल्या. फळी चार बोटे वर उचललेली आहे.

सूतभर फरक पडला तर रंगवलेली फळी उखडणारे तुम्ही. काम चार दिवस का लांबले, हे पिराजीकाकांना रविवारीच विचारले होते. ते आमटी फार झकास झाली म्हणाले. मी रागावलेली नाही. मला समजत नाही एवढेच.

उत्तराची वाट पाहते, आणि तुमचीही.

अनुजा


कळंबा, ७ मे

चि. अनुजा हिस आशीर्वाद.

उतार मुद्दाम दिला आहे. तुझ्या भागात घाट. गाडी नेहमी चढउतारावर लावावी लागते. नाक खाली असेल तेव्हा रक्त डोक्याकडे जाते. चार बोटांनी ते सांभाळले जाते. ट्रकवाले हे जाणतात. पाचरी हलवू नकोस. सवय होईल.

इकडे सर्व ठीक. झोप चांगली. तलावाचे पाणी खाली गेले आहे.

आशीर्वाद आहेतच, ते सपाट आहेत.

आबा


कळंबा, ९ मे

चि. अनुजाताईस पिराजीचा आशीर्वाद.

मी जन्मात हे दुसरं पत्र लिवतोय. पयलं सासऱ्याला लिवलंतं, त्येचा काय उपयोग झाला न्हाय.

मिस्त्रींनी तुला घाटाचं कारण लिवलंय ते खोटं हाय. ते आधी पाटीवर कच्चं लिवत्यात, मग कागदावर. मी वाचलं. तू इचारलंस तवा मीबी आमटीचं बोललो. आमटी बरी हुती, झकास न्हवती.

फळी पयल्या दिवशी एकदम पाणसळीत हुती. दुपारी मिस्त्री आडवं झालं. पाच मिनिटांत खोकत उठलं आणि गळ्यातल्या छिद्राला कापड लावून बसलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीबी तेच. मी म्हटलं रीत ऱ्हाऊ द्या, मी गाडी न्हेतो. तर पाटीवर लिवलं, झोप लागल्याबिगर गाडी जायची न्हाय, पोरीनं सांगितलंय. मग डोक्याकडं एक बोट पाचर घातली. मग दोन. मग चार. चार बोटांवर डोळा लागला. दोन तास झोपलं. घोरणं आता ऱ्हायलं न्हाय, म्हणून पोट हलतंय का ते बघत मी हार घेऊन हुभा हुतो.

ऑपरेशन झाल्यापासनं मिस्त्री खुर्चीत बसून झोपत्यात. पलंगावर कपड्यांच्या घड्या हाईत. तुझ्याकडं येत न्हाईत ते ह्यापायीच. तिथं तुला दिसंल की.

माझं नाव सांगू नगंस. पाटी फेकून मारतील, आणि पाटी एकच हाय.

पिराजी


चंदगड, १४ मे

ती. आबांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

घाटाचे कारण वाचले. पण माझे घसरणे थांबत नाही. इथल्या सुताराला गाडी दाखवली. फळी कुणी बसवली विचारले. कळंब्याचे गणपतराव मिस्त्री, असे सांगितल्यावर त्याने हात मागे घेतला. मिस्त्री हयात असताना त्यांच्या कामाला आपण हात लावत नाही म्हणाला.

तेव्हा तुम्हालाच यावे लागेल. पाणसळ आणि रंधा आणा. २५ तारखेच्या रविवारी या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या वाडीची लस आहे. मुक्काम वाडीच्या शाळेत. मी शाळेच्या खोलीत झोपेन, तुम्ही गाडीत झोपा. फळीचा दोष तिच्यावर झोपल्याशिवाय कळत नाही, हे तुम्हीच शिकवले आहे. एका रात्रीचा प्रश्न आहे.

शाळेत खुर्ची एकच आहे. ती मोडकी आहे.

राग धरू नये, गाडी धरावी.

अनुजा


कळंबा, १९ मे

चि. अनुजा हिस आशीर्वाद.

खुर्चीबद्दल कळले. पिराजी पत्रे स्टँडवर पोचवतो एवढेच मला ठाऊक होते. तो लिहितोही, हे आज समजले. त्याला मी काही केलेले नाही. पाटी शाबूत आहे.

तू कारण विचारले होतेस. आडवे झाले की गळ्यात पाणी भरल्यासारखे होते. म्हणून बसतो. बसल्या बसल्या तीन-चार तास मिळतात, ते पुरतात. तुझ्या घरी मी असा बसलेला दिसलो असतो तर तूही बसून राहिली असतीस. तुझी आई आजारी असताना तू तेच केलेस आणि परीक्षेत पेपरावर डोके ठेवून झोपलीस. त्या वेळी मी काही बोललो नाही. आता बोलता येत नाही.

फळी तुझ्यासाठी बांधायची होती. झोपून बघताना मी ती माझ्यासाठी केली. पाचर घालताना ते लक्षात आले नाही. झोप लागली आणि गाडी तयार झाली असे वाटले. चाळीस वर्षांची सवय.

चूक माझी आहे, दुरुस्त करायला येतो. पाचरी काढतो आणि सोमवारच्या दहाच्या गाडीने परत निघतो.

आबा


मुक्काम वाडी, ता. चंदगड, २६ मे

ती. पिराजीकाकांस सा. न. वि. वि.

काल दिवेलागणीला आबा पोचले. हातात पाणसळ, काखेत पाटी. फळी तपासली, बुडबुडा पाहिला, पाचरी रात्रीपुरत्या तशाच ठेवल्या. जेवणात भात दुसऱ्यांदा घेतला. मी शाळेत झोपायला गेले.

आज सकाळी साडेसहाला चहा घेऊन गेले तर ते झोपलेले होते. तुमच्यासारखीच मीही पोट हलते का ते पाहिले. चहा मी प्यायले. मधला कप्पा ओढून लशींचा डबा काढला. अंथरूण हलले नाही. वाडीतले लोक जनावरे घेऊन गाडीभोवती जमले. म्हशी ओरडत होत्या, माणसे त्यांच्यावर ओरडत होती. साडेआठपर्यंत एकतीस जनावरांना टोचून झाले, मग आबा उठले. किती वाजले ते त्यांनी पाटीवर विचारले. मी सांगितले. त्यांनी घड्याळ दोनदा पाहिले.

मग पेचकस काढून त्यांनी पाचरींना दोन-दोन स्क्रू मारले आणि पक्क्या केल्या. उतार हीच उशी, असे पाटीवर लिहून माझी उशी गाडीतून काढून माझ्या हातात दिली. पूर्वेची खिडकी उघडते का, हे त्यांनी पाटीवर विचारले. मला आता खोलीत त्यांच्यासाठी एक उतरती फळी करून घ्यायची आहे. प्लाय तुम्ही पाठवा.

पत्र लिहिल्याबद्दल तुमच्यावर जन्मभराचा लोभ.

आपली,
अनुजा

ता. क. दहाची एसटी शाळेसमोर थांबली आणि गेली. आबा मागच्या दाराशी बसून पायाकडे आडवी पट्टी ठोकत होते, मी घसरू नये म्हणून.