बोटीचा मागचा नांगर

अकोला, ४ नोव्हेंबर १९३४
पूर्णेवर बोटीची दुसरी खेप. सौ. बरोबर. डोहात नांगर टाकून तिथंच जेवू म्हटलं. नांगर एकच, पुढच्या टोकाला. वारा सुटला की बोट त्याच्याभोवती फिरते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सौ.ला भोवळ, मग उलटी. घरी आल्यावर ती म्हणाली: "अजून एकडाव येईन. मंग बी डोकं फिरलं तं ते डबडं इकून टाका."
मी हो म्हणून बसलो.

६ नोव्हें.
वर्गात भूमिती, डोक्यात बोट. एक टोक बांधलं तर फिरणारच. दोन्ही बांधली तर? मागंही नांगर पाहिजे. पण कसला?
विहिरीतली बादली काढायचा गळ आहे घरी, चार आकड्यांचा. न विचारता उचलला.

११ नोव्हें.
एकटाच गेलो. गळ धरतच नाही. ओढला की मुकाट मागं येतो, आकड्यांत शेवाळ. मग दगडाचं पोतं टाकलं. तेही सरकलं. छे! तळाला नुसती काळी माती.
घरी आलो तो सौ. विहिरीवर उभी. बादली आत पडलेली, गळ माझ्या हातात. काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही.

१४ नोव्हें.
शाळेत जाताना एका वावरात बैलांमागं वखर चाललेला. सायकल टेकवून पाहत राहिलो. हीसुद्धा काळीच माती, अन् वखराची आडवी लोखंडी पास, म्हणजे पातं, तिच्यात रुतते कशी! शाळेला उशीर. हेडमास्तरांना कारण काय सांगणार, कपाळ?
संध्याकाळी त्याच वावरवाल्याकडून एक जुनी पास मागून घेतली, ती घेऊन रहीमभाई लोहाराकडे. दोरासाठी कडी बसवून दिली. म्हणे, "काहून मास्तर, पाण्यात हरभरा पेरता का?"

१८ नोव्हें.
धरते! धरते!
आधी दोर आखूड सोडला तर पास उपटून आली. लांब सोडला तशी आडवी ओढली जाऊन रुतली. वारा होता, बोट जागची हलली नाही. एकट्यानंच टाळ्या पिटल्या. म्हशी बघत होत्या.
परत निघताना मात्र पास निघेना. दोर सरळ वर ओढल्यावर सुटली. म्हणजे सगळं दोराच्या तिरपेपणावर. किती तिरपा? पाहायला हवं.

२५ नोव्हें.
सौ. आली. पुढं नांगर, मागं पास. भाकर, भरीत, ठेचा. भोवळ नाही. वाचली रे बाबा बोट, मी मनात.
जेवण झालं. ती समोरच्या बाभळीकडे पाहत बसलेली.
"अहो, हे असंच राह्यते?"
"असंच. हलणार नाही आता." मी ऐटीत.
"एवढी एकच बाभूळ पाहाची तं मी काठावर नसती बसली? सोडा तो मागचा."
"अन् भोवळ आली तर?"
"आली तं आली. पाहू तं द्या."
मग बोट विकायच्या शर्तीचं काय, हे विचारायची छाती झाली नाही. पास वर घेतली. बोट हळूच वळायला लागली. बाभूळ गेली, खंड्या बसलेला खडक आला. सौ.नं दोन्ही हातांनी बोटीची कड घट्ट धरलेली, डोळे मात्र उघडे.