होमरन झाला तर फोन

आप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळ न्यूनेन म्हणून गाव आहे, तिथे राहते. सकाळी लोक कामाला जातात, संध्याकाळी परत येतात, मधल्या वेळात रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही असं गाव. साथ आली आणि ते जाणं-येणंही बंद झालं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करते, नवरा वरच्या खोलीत, आणि लेक तिच्या खोलीतून शाळा. जेवायला खाली येते तेव्हा मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. हे सगळं तुम्हाला सांगायला मजा आली असती, पण मी मजेचं सांगायला बसलेले नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक आजोबा राहायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायको गेलेली, मुलगी ब्रेडा शहरात. नावानं हाक मारायला जीभ रेटेना, म्हणून मी त्यांना बुरमन म्हणायचे. इकडे शेजाऱ्याला तसंच म्हणतात. तरुणपणी ते बेसबॉल खेळले होते, मग बरीच वर्षं गावातल्या पोरांना शिकवत होते. पहिल्या लॉकडाऊनमध्ये जगातले सगळे खेळ थांबले, तेव्हा त्यांनी कुठून तरी कोरियातल्या मॅचेस शोधून काढल्या. रिकामी स्टेडियम्स, तोंडाला मास्क लावलेले पंच. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची दुपार. ते मागच्या बागेतल्या शेडचं दार उघडं टाकून टॅबलेटवर बघत बसायचे, आणि मी शेवटच्या इनिंगला चहाचा कप घेऊन कुंपणाच्या अलीकडे उभी राहायचे. होमरन म्हणजे आपला षटकारच समजा, आप्पा. चेंडू भिंतीपलीकडे गेला की झाला.

पैज मीच सुरू केली. तुमचीच सवय. रोज सकाळी त्यांनी एक फलंदाज निवडायचा, मी एक. ज्याचा होमरन मारेल तो जिंकला. हरणाऱ्यानं दोन्ही घरांचे कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचे, नाहीतर काहीतरी खायला करायचं. मी हरले की थालीपीठ कुंपणावरून जायचं, ते हरले की सफरचंदाचा केक यायचा. मला त्या कोरियन खेळाडूंची नावं नीट उच्चारता यायची नाहीत; बुरमन हसून हसून खुर्चीवरून घसरायचे. सहा महिने मी घराबाहेरच्या ज्या एका माणसाशी रोज बोलत होते, ते हे.

हडपसरच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होता तेव्हाचं आठवतं? शाळा सुटली की मी तिथेच येऊन बसायचे. रेडिओवर कॉमेंट्री लागलेली, तुम्ही पुड्या बांधताय, आणि या ओव्हरमध्ये षटकार बसणार की नाही यावर आपली पैज. हरला त्यानं लाल औषधाच्या बाटल्या धुवायच्या. एकदा एक माणूस आला. बायकोला ताप आहे, दम लागतोय, आज गोळ्या द्या, उद्या घेऊन येतो म्हणाला. तुम्ही रेडिओ बंद केलात, सायकल काढलीत आणि त्याच्याबरोबर गेलात. दीड तासानं त्या बाईला रिक्षातून घेऊन आलात. मी फुरंगटून म्हणाले, "आप्पा, आपली पैज अर्धीच राहिली." तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत, त्या दिवशी चढवलात. "माणूस धापा टाकत 'उद्या' म्हणतो ना, तेव्हा त्याचं ऐकायचं नसतं. पैजा बिजा रिकाम्या वेळेला." मी नववीत होते. इतकं साधं वाक्य, समजायला काही अवघड नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये साथ पुन्हा वाढली. त्या मंगळवारी मी चहा घेऊन बाहेर गेले तर बुरमन अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळून बसलेले. खोकतायत. बोलताना मध्येच थांबून श्वास घेतायत. मी म्हणते, "डॉक्टरला फोन केलात का?"

"सर्दी आहे."

"ही सर्दी वाटत नाही. मी करू का फोन?"

ते टॅबलेटकडे बघत राहतात. मग म्हणतात, "डॉक्टर हॉस्पिटलला पाठवणार. तिथे कुणाला भेटू देत नाहीत. समोरच्या घरातला गेला तो परत आला का?" तेवढ्यात त्यांचा चेहरा जरा खुलतो. "शेवटची इनिंग आहे. पैज लाव. होमरन झाला तर आत्ता फोन करतो. नाही झाला तर उद्या सकाळी."

आणि मी हसले, आप्पा. म्हणाले, "ठीक आहे. लावली."

अडीचला माझी मीटिंग होती. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दोन फलंदाज बाद झाले; तिसरा बाद झाला की इनिंग संपते. तिसऱ्यानं चेंडू उंच मारला, बुरमन खुर्चीतून अर्धवट उठले, आणि भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या खेळाडूनं तो झेलला. हातभर अंतर असेल. "उद्या," ते म्हणाले, आणि खोकत खोकत हसले. मी म्हणाले, "उद्या नक्की हं." आत आले, कॅमेरा सुरू केला. चेंडू हवेत होता तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. डॉक्टर, फोन, डचमधून सगळं समजावून सांगणं, मीटिंग चुकणं. मला तो झेल हवा होता.

बुधवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघराचा पडदा उघडला नाही. नऊ वाजता मी बेल वाजवली, दार ठोठावलं, मग तातडीचा नंबर फिरवला. ते जिन्याच्या पायथ्याशी सापडले, शुद्धीत होते, पण मला ओळखलं की नाही कळलं नाही. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला, त्याच टेबलावर बसून. एक दिवस आधी नेलं असतं तर वाचले असते का, हे कुणीच सांगू शकत नाही. नवरा म्हणतो, "तू डॉक्टर आहेस का? त्यांचं वय बघ. तूच तर अँब्युलन्स बोलावलीस." त्याला पैजेचं माहीत नाही. कुणालाच नाही.

त्यांची मुलगी मार्चमध्ये घर रिकामं करायला आली. मी कॉफी घेऊन बाहेर गेले. ती म्हणाली, "बाबा मला फोनवर बरा आहे म्हणाले होते. आदल्या दिवशी तुम्हाला काही बोलले का?"

मी म्हणाले, "नाही. थोडी सर्दी होती, एवढंच."

"रोज तुमच्याबद्दल सांगायचे. तुमच्यामुळे त्यांचे शेवटचे महिने चांगले गेले."

यावर काय बोलायचं असतं, आप्पा? मी थँक यू म्हणाले. आता त्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलंय. दुपारी मी मागचं दार उघडत नाही. लेकीनं परवा विचारलं, आपण बागेत का बसत नाही, आणि मी तिला अभ्यास कर म्हणाले.

हे पत्र पाठवायचं असतं तर बुरमनच्या मुलीला पाठवायला हवं. ब्रेडाचा पत्ता माझ्याकडे आहे, डचमध्ये लिहिताही येतं. तरी मी तुम्हाला लिहितेय, मराठीत, कारण तुमच्याकडून आता ओरडा येणार नाही.

घर रिकामं करून जाताना तिचे डोळे भरून आले होते. मला मिठी मारायला तिनं दोन्ही हात पुढे केले, मग दीड मीटर अंतराचा नियम आठवला आणि मागे घेतले. मला सुटल्यासारखं वाटलं.