एकाच बाजूची खाज

गिरगाव,
एप्रिल १९५६

प्रिय बकुळे,

तुझे अक्षर अजून सुधारलेले नाही. आज मात्र ते वाकडे अक्षरही हवेसे वाटले. जयवंतांना संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात अटक झाल्यापासून चाळीतल्या बायका धीर द्यायला येतात आणि उठायचे नाव घेत नाहीत.

संस्कृतच्या वर्गात स्तनांची वर्णने मी निर्विकारपणे शिकवते. डॉक्टरीणबाईंसमोर मात्र ‘छातीला जरा खाज आहे’ यापुढे शब्द फुटेना. स्तनाग्रांना खाज सुटते, हे त्यांनीच काढून घेतले. दिवस गेलेत का? अंगावर पाजता का? तेव्हाही असे होते म्हणे. नाही म्हटल्यावर साबणाची चौकशी झाली. मोर्च्यांत घाम येतो म्हणून मी कार्बोलिक साबणाने घासत होते आणि चोळ्यांना कडक खळ घालत होते. मऊ पडलेले कापड मला गबाळेपणाचे वाटते, तुला ठाऊकच आहे. “बाई, कातडी आहे ती, फरशी नव्हे!” त्या म्हणाल्या. राग आला, पण ऐकले. नुसते कोमट पाणी, हलके टिपून कोरडे करणे, थोडे खोबरेल, जुन्या धुवट सुती चोळ्या, खाजवणे बंद.

उजवी बाजू पंधरवड्यात बरी झाली. डावी नाही. तिथे खपली धरते, निघते, पुन्हा धरते. चोळीला ओलसर डाग पडतो. तेच कापड, तेच पाणी, तेच तेल. मग हा भेद का? बाई म्हणतात, बहुधा इसबच असेल, पण एकाच बाजूचे न भरणारे दुखणे तपासल्यावाचून सोडू नये. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात कातडीचा तुकडा काढून पाहतील. त्या ‘बहुधा’पाशी मी अडते. विद्यार्थिनीने असे उत्तर लिहिले असते तर गुण कापले असते. कधी वाटते, उगाच बाऊ करते आहे. कधी वाटते, उशीर झाला. दोन्ही तितकेच पटते.

जयवंतांना लिहायला बसले; नवऱ्यापासून काय लपवायचे? पण तुरुंगातली पत्रे अधिकारी उघडून वाचतात. परक्या पुरुषाने हे वाचावे? ‘सर्व क्षेम’ लिहून पाठवले. उत्तर आले: तू खंबीर आहेस, म्हणून मी निश्चिंत आहे.

सोमवारी तपासणी आहे. सोबत घरचे कोणी आणा, असे सांगितले आहे. रविवारी ये. धीराची वाक्ये पाठ करून येऊ नकोस. मी त्यांत चुका काढीन. नुसती बाकावर माझ्या शेजारी बस.

तुझीच,
कालिंदीताई